कानांची तक्रार का केली नाही?

जावयापासून माजी सैनिकांच्या मेळाव्यात शेजारी बसणाऱ्यांपर्यंत सगळे मला एकच विचारतात: एकाहत्तरच्या लढाईत तोफखान्यात होतात, कान तिथेच गेले, मग १९८४ साली निवृत्तीच्या मेडिकल बोर्डापुढे तसे सांगितले का नाही? २० टक्के अपंगत्व ठरले असते, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाप्रमाणे ते ५० टक्के धरून पेन्शन वाढली असती. हिशेब मला कळतो. तो दर वेळी नव्याने समजावण्याची गरज नाही.

मी कसलाही त्याग केलेला नाही. सेवा पेन्शन घेतो, ‘वन रँक वन पेन्शन’मुळे वाढलेली रक्कम घेतली, कानातले यंत्रही ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतूनच मिळाले. एकाहत्तरला पश्चिम सीमेवरच्या शकरगड क्षेत्रात मी पंचवीस पाउंडी तोफेवर होतो. शत्रू डोळ्यांनी पाहिलाच नाही; वायरलेसवरून आकडे येत, तोफेचा रोख बदले आणि कानांत कापसाचे बोळे घालून आम्ही गोळे भरत असू.

त्या दिवशी बोर्डाच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक जवान बसला होता. सुरुंगाच्या स्फोटाने निकामी झालेला त्याचा गुडघा वाकत नव्हता, त्यामुळे त्याचा पाय बाकासमोरच्या वाटेत सरळ पसरलेला होता आणि जाणाऱ्या प्रत्येकाला तो ओशाळून ‘माफ करा साहेब’ म्हणत होता. अपंगत्वाची टक्केवारी पुन्हा ठरवायला त्याला बोलावले होते. मागच्या खेपेस ती कमी केली होती, असे त्याने सांगितले. मग माझे नाव पुकारले गेले. पाठीमागे सहा मीटरांवर उभे राहून डॉक्टर आकडे कुजबुजले. डाव्या कानाने मला काहीच कळले नाही. त्यांनी आवाज किंचित चढवला, मी अंदाजाने आकडा सांगितला आणि तो बरोबर निघाला. “कानांची काही तक्रार?” या प्रश्नावर मी “नाही साहेब” म्हणालो.

त्या जवानाकडे पाहून तोंड उघडवले नाही, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आणि ते खोटे नाही. पण डिस्चार्ज बुकावर ‘शेप-वन’, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, असा शेरा असेल तर बाहेर पहारेकऱ्याची नोकरी लवकर लागते, हेही मला ठाऊक होते. शिवाय तक्रार केली असती तर तज्ज्ञाकडे पाठवणी होऊन घरी जाणे लांबले असते. लोक याला नम्रता म्हणतात, तेव्हा मला अवघडल्यासारखे होते. उलट हक्क सोडलात म्हणून कोणी रागावले, तर तेव्हाच्या त्या गनरची, म्हणजे माझीच, बाजू घ्यावीशी वाटते, कारण त्याला घर चालवायचे होते आणि २०१४ चा निकाल त्याला दिसत नव्हता. मात्र तो शेजारी बसलेला जवान आज मला भेटला असता, तर “माझ्याकडे पाहून गप्प बसायला तुला सांगितले कोणी?” असे त्याने विचारले असते, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जावई म्हणतो, अजूनही अर्ज करू, वकील पाहू. ‘तक्रार नाही’ या शब्दांखाली माझीच सही आहे, हे मी त्याला सांगितले आहे. त्यापुढे आमचे बोलणे गेलेले नाही.