तिसऱ्या पुष्पाच्या चिठ्ठ्या

आमच्या गावची व्याख्यानमाला दर जानेवारीत सात दिवस चालते. गेल्या वर्षी वक्ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं. त्याआधी बारा वर्षं मी सतरंज्या घातल्या, माईकच्या वायरी गुंडाळल्या. तेव्हा वाटायचं, फोन करून माणसं बोलवायची, त्यात काय एवढं! गणपती गेले की फोन सुरू करायचे असतात. मी दिवाळीनंतर केले. तोवर सगळ्यांच्या डायऱ्या भरलेल्या. जानेवारीत एकेका तालुक्यात दोन-दोन व्याख्यानमाला आणि बोलणारे तेच ते. मानधनाचं विचारायला माझी जीभ रेटेना, शेवटी एका बाईंनीच विचारलं, "पाकिटात किती आणि गाडीभाडं वेगळं का, ते एकदा सांगून टाका हो."

कशीबशी सात पुष्पं जमली. (व्याख्यानाला पुष्प का म्हणतात आणि ते 'गुंफलं' का जातं, कुणास ठाऊक. बातमीत दुसरा शब्द चालत नाही.) मी प्रास्ताविक लिहिलं: न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, वगैरे. सरांनी, म्हणजे आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी, पेन्सिलीने 'न्यायमूर्ती' खोडलं. "१८७५ला ते पुण्यात सबजज्ज होते. हायकोर्टात गेले १८९३ला. सरकारी नोकरीत असताना हे उद्योग केले त्यांनी, ते लिही."

तिसरं पुष्प सहकारावर होतं. मागचा फ्लेक्स, खुर्च्या आणि मंडप एका पतसंस्थेने दिलेला, त्यामुळे तिचे चेअरमन पहिल्या रांगेत. विषय मी 'सहकार कुणाचा?' असा घेतला होता. पत्रिका छापायच्या आधी त्यांचा माणूस येऊन सहज म्हणाला, "जरा सौम्य करा की." मी 'सहकार : काल, आज आणि उद्या' केलं. इतका गुळगुळीत मथळा मी आयुष्यात दुसरा लिहिलेला नाही.

वक्ते मात्र गुळगुळीत नव्हते. बोलता बोलता ते म्हणाले, बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, २०२०पर्यंत तो एक लाखाचाच होता. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हा विमा लागू नाही. पटांगणात एकदम चुळबुळ. बऱ्याच जणांना बँक आणि पतसंस्था एकच वाटत होती. खरं सांगायचं तर मलाही.

आमच्याकडे प्रश्न चिठ्ठीवर घेतात. ही सरांची पद्धत. उभं राहून विचारू दिलं की प्रश्नाऐवजी दुसरं भाषण होतं आणि मागे बसलेल्या बायका तोंडच उघडत नाहीत. नाव लिहायची सक्ती नाही. एरवी आठ-दहा चिठ्ठ्या येतात. त्या दिवशी एकतीस आल्या. वरवर चाळल्या तर पाच सरळ समोर बसलेल्या पतसंस्थेबद्दल. मुदत संपली, पैसे मिळत नाहीत, हेलपाटे घालतोय. एकीवर फक्त एवढंच होतं : मेमध्ये मुलीचं लग्न आहे, काय करू?

त्या पाच मी खाली सरकवल्या. इथेनॉल, साखरेचा भाव, नोकरभरती असं वाचत राहिलो. पावणेदहाला घड्याळ दाखवून जाहीर केलं, "पोलिसांची परवानगी दहापर्यंतच आहे, वेळेअभावी थांबतो." परवानगी खरंच दहापर्यंत होती. अजून पंधरा मिनिटं होती, एवढंच.

गेटवर एक बाई थांबल्या होत्या. "माझी चिठ्ठी मिळाली का?" मी म्हटलं, "मिळाली असेल, खूप होत्या ना." त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या.

रात्री झोप लागली नाही. सकाळी सरांकडे गेलो. मला वाटलं, ते चिडतील. त्यांनी चहा ठेवायला सांगितला. "चिठ्ठ्या कुठायत?"

"खिशात."

"मग आज वाच."

"आज तमाशावर आहे, सर."

"तो साडेसातला आहे ना? तू सातला वाच."

वक्ते तोवर घरी पोचले होते. त्यांना फोन लावून पाचही प्रश्न वाचून दाखवले आणि उत्तरं वहीत उतरवून घेतली. चौथ्या पुष्पाआधी सातला माईक हातात घेतला. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तरी काल वाचायच्या राहिल्या, असं न म्हणता मी काल वाचल्या नाहीत, असं म्हटलं आणि सुरुवात केली. लग्नाच्या चिठ्ठीचं उत्तर होतं : ठेवपावतीची झेरॉक्स जोडून तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या, आणि एकटे जाऊ नका, तुमच्यासारखे आणखी असतील. कार्यक्रम संपल्यावर तेच उत्तर लिहून घ्यायला माझ्यापाशी सात-आठ जण आले. गेटवरच्या बाई त्यांत होत्या. त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं, बोलल्या काही नाहीत.

पाचव्या पुष्पाला मंडपवाल्याने विचारलं, राहिलेलं बिल कुणाच्या नावावर करू? सहाव्याला फ्लेक्स गेला. सातव्या दिवशी सतरंजीवाल्या पोरांनी शाळेतून फळा उचलून आणला आणि त्यावर खडूने व्याख्यानमालेचं नाव लिहिलं. 'व्याख्यान'मधला ख्या दोनदा चुकला, सरांनी स्वतः पुसून नीट केला.