सावरासोव्हचा करडा रंग

रशियन चित्रकार अलेक्सेई सावरासोव्ह यांच्या ‘रूक परतले’ या १८७१ मधल्या तैलचित्राची नक्कल मी अभ्यास म्हणून रंगवायला घेतली. रूक म्हणजे कावळ्याच्या जातीचा पक्षी. बर्चची वेडीवाकडी झाडं, त्यांवरची घरटी, मागे कुंपण आणि मोल्वितिनो गावातलं चर्च, एवढाच ऐवज. मूळ चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. ते जेमतेम ६२ × ४८.५ सेंटीमीटरचं असल्यामुळे मूळ मापातच काम करता आलं.

कॅनव्हासला टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरचा, म्हणजे गडद तपकिरी रंगाचा, हात दिला, चौकटी आखून रेखाटन उतरवलं आणि आधी आकाश घेतलं. खरा कस इथेच लागतो. दुरून हे आकाश नुसतं ढगाळ वाटतं. जवळून पाहिलं, की ढगांच्या फटीत निळा दिसतो, खाली क्षितिजाकडे उबदार पिवळट झाक दिसते. पॅलेटवर काळा घेतलाच नाही. अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट अंबर आणि पांढरा एवढ्यावर करडा बांधला, कुठे यलो ऑकर (मातकट पिवळा) वाढवत, कुठे निळा. पांढऱ्याचाही प्रश्न होता. त्या काळचे चित्रकार शिशाचा पांढरा वापरत. तो विषारी, म्हणून मी टिटॅनियम घेतला. पण हा विसाव्या शतकातला रंग थंड आणि फार झाकणारा. त्यात ऑकरचा कण मिसळल्याशिवाय सावरासोव्हचा वितळता, मळका बर्फ येत नाही. त्या बर्फावरच्या झाडांच्या सावल्याही इतक्या फिक्या आहेत, की ब्रश जवळजवळ कोरडा ठेवूनच त्या घातल्या.

चर्च आणि कुंपण लवकर झालं. फांद्यांसाठी मात्र आकाश वाळेपर्यंत थांबले. तैलरंगात वरच्या थरात तेल कमी पडलं, तर पुढे तडे जातात, म्हणून रिगर या लांब, बारीक केसांच्या ब्रशच्या रंगात टर्पेंटाइनबरोबर थोडं जवसाचं तेल घातलं. फांदी बुंध्याकडून टोकाकडे ओढायची आणि टोकाला दाब सोडून द्यायचा. तेव्हाच ती आकाशात विरते.

पक्षी सगळ्यात शेवटी. झाडाखाली बर्फावर एक रूक चोचीत काडी धरून आहे. वसंत आला हे सांगायला मला तो पुरेसा वाटतो; हिरवं पान चित्रात एकही नाही. रशियन निसर्गचित्रकार लेव्हितान याच सावरासोव्ह यांचे विद्यार्थी. आता त्यांचं एखादं चित्र घ्यायचं आहे, पण आधी हे नीट वाळू दे. वॉर्निशला अजून काही महिने आहेत.