सही कुणाची?

शनिवार, रात्री

सोमवारी नोटरीकडे जायचंय म्हणून आज लिव्हिंग विलचा, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायच्या कागदाचा, कच्चा मसुदा लिहायला घेतला. आयुष्यभर शाळेत दाखले, अहवाल, मुख्याध्यापकांची भाषणंसुद्धा लिहून दिली. पण ‘माझा आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल आणि मला बोलता येत नसेल, तर’ एवढं लिहून झालं आणि पुढे काही सुचेना. उठून चहा टाकला.

कायदा तसा आता आवाक्यात आलाय. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की सन्मानानं मरणं हे घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कातच येतं, आणि अशा कागदाला मान्यता दिली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी होती. ती आणायला कोण जातंय! जानेवारी २०२३ मध्ये ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. वेळ आलीच तर दवाखान्यातल्या डॉक्टरांचं एक मंडळ बघतं, मग दुसरं मंडळ ते तपासतं, शक्यतो ४८ तासांच्या आत. त्याआधी २०११ चा निकाल होता, त्यात थेट उच्च न्यायालयाची परवानगी लागायची. तेव्हा कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच नव्हतं. म्हणजे माणूस इथं आयसीयूत आणि घरचे कागद घेऊन मुंबईच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये.

हे सगळं उपचार थांबवण्यापुरतं. इंजेक्शन देऊन मरण देणं आपल्याकडे आजही गुन्हाच. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून, कॅनडात २०१६ पासून ते कायद्यानं चालतं. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये डॉक्टर औषध लिहून देतो, घ्यायचं ज्याचं त्यानं. आपल्याकडेही तसा कायदा हवा, असं परवा भिशीत एकजण तावातावानं म्हणत होती. मी गप्प बसले, कारण मला सासूबाई आठवत होत्या.

सासूबाई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. रोज सकाळी देव्हाऱ्याकडे बघून म्हणायच्या, “आई अंबाबाई, उचल गं आता. पोरांना किती दिवस त्रास देऊ?” आणि रविवारी पांढऱ्या रश्श्यात खसखस कमी पडली म्हणून माझ्या सुनेला बोलवून घ्यायच्या. त्यांना मरायचं होतं का? मला नाही वाटत. ‘मी तुम्हाला जड झालेय का?’ हे आपल्याकडची म्हातारी माणसं सरळ विचारत नाहीत, ती देवाला सांगितल्यासारखं करून आपल्याला ऐकवतात. आणि आपण म्हणायचं असतं, “असं काय बोलताय, शंभर वर्षं जगा.” उद्या तसा कायदा आला आणि कुणीतरी फॉर्म घेऊन पलंगाशी उभं राहिलं, तर आमच्या गल्लीतल्या निम्म्या आज्ज्या मुलांना मोकळं करायचं म्हणून सही करतील. एकीवरही कुणी बळजबरी केलेली नसेल. तरीही ती सही मला त्यांची वाटणार नाही.

थोरल्या मामांचं मात्र वेगळं होतं. ते व्हेंटिलेटरवर होते, डोळे उघडत नव्हते. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, “आता तुम्ही ठरवा.” बाहेर पॅसेजमध्ये आम्ही अकरा-बारा माणसं, आणि कुणीच काही बोलेना. ‘काढा’ म्हणायची कुणाची छाती होईना. शेवटी धाकट्या मामांनी रोजचा खर्च किती येतोय ते विचारलं, तर सगळे त्यांच्यावर तुटून पडले. प्रत्येकाच्या मनात तेच होतं, म्हणून तर इतका राग आला! मग थोरल्या मुलानं ‘स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत’ या कागदावर सही केली. अॅम्ब्युलन्स, ऑक्सिजनचं सिलिंडर, गडहिंग्लजचा रस्ता. पहाटेच्या आत सगळं संपलं. त्याला कुणी काही नाव दिलं नाही. ‘डॉक्टरांनी हात टेकले, घरी आणलं’ एवढंच सगळ्यांना सांगितलं.

घराघरात हे असंच चालतं. न्यायालयानं परवानगी द्यायच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे उपचार थांबतच होते, पण ते थांबायचे पैसे संपले म्हणून. आणि थांबवलं की माणसाला तसंच सोडून द्यायचं. त्या रात्री मामांचा श्वास ज्या आवाजात चालला होता तो मामी कधी विसरल्या नाहीत. धाप आणि वेदना कमी करायला मॉर्फिन असतं, स्वस्त असतं, हे मला फार नंतर कळलं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं परवान्यांचं जंजाळ असं केलं की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा बदलला, तरी सगळीकडे ते मिळतंच असं नाही. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला असं दुखणं कमी करायचं काम सुरू झालं. तिथं शेजारीपाजारीच शिकून अशा रुग्णांच्या घरी जातात. माझ्या मते मरणाचं इंजेक्शन हवं की नको हा वाद आपल्याकडे या दुखण्याच्या औषधानंतरचा आहे. ज्याचं दुखणं कुणी कमी केलेलं नाही, त्यानं मरण मागितलं तर तो नेमकं काय मागतोय हे कळायचं कसं?

आमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. कुंभोज-बाहुबलीकडच्या जैन मैत्रिणींच्या घरी सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून मरण स्वीकारायचं व्रत, हा शब्द आदरानं घेतला जातो. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला ती घेतली, हे तिकडची जुनी माणसं अजून सांगतात. राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१५ मध्ये संथाऱ्याला, म्हणजे याच व्रताला, आत्महत्या ठरवलं, आणि महिना संपायच्या आत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. आत्महत्या म्हणणं मलाही पटत नाही. तिथं घाई नसते आणि निराशाही नसते. पण दर्शनाला रांग लागल्यावर एखाद्या बाईला मागे फिरावंसं वाटलं तर ती फिरू शकेल का, हे मी मैत्रिणीला एकदा विचारलं. ती रागावली नाही. तिनं उत्तरही दिलं नाही.

मसुद्यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो माझ्या वतीनं निर्णय कुणी घ्यायचा या रकान्यापाशी. अरुणा शानबाग डोक्यात होत्या. मुंबईतल्या केईएम रुग्णालयाच्या त्या परिचारिकेवर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्या तिथंच पडून राहिल्या, २०१५ मध्ये जाईपर्यंत. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी न्यायालयात धाव घेतली, आणि २०११ मध्ये न्यायालय म्हणालं की अरुणा यांच्या वतीनं बोलायचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, कारण रात्रंदिवस सांभाळलं त्यांनी. इतकी वर्षं खाटेवर असून अंगावर एक बेडसोर नाही, याचं न्यायमूर्तींनी कौतुक केलं. निकाल पटो न पटो, हा मुद्दा मला पटतो. आपल्या घरांत बरोबर उलटं असतं. कूस बदलणारी, भांडं देणारी सून कोपऱ्यात उभी, आणि सही करायला मुलगा.

म्हणून पहिलं नाव सुनेचं लिहिलं. सासूबाईंचं सगळं तिनं केलंय, तिला माणूस कधी थकतो ते दिसतं. मुलाला तसं सांगितलं तर म्हणाला, “म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?” विश्वास आहे रे बाबा, पण तू डॉक्टरांचे पाय धरशील, सगळं करा म्हणशील आणि मी नळ्यांत अडकून पडेन. दुसरं नाव त्याचं घातलंय. लेक पुण्याहून फोनवर नाकातल्या नळीवरून भांडली. व्हेंटिलेटर नको म्हण, डायलिसिस नको म्हण, पण अन्न कसं बंद करायचं, म्हणाली. तिला म्हटलं, ते कलम पेन्सिलनं लिहिलंय, रविवारी ये, तिघं बसून ठरवू. सून काही बोलली नाही. फक्त विचारलं, “आई, मला हे नाही म्हणता येतं का?” येतं, म्हटलं. म्हणाली, मग सोमवारी सकाळी सांगते.