कोची, फक्त आठ तास

मुंबईहून निघालेलं क्रूझ आज सकाळी कोचीला लागलं. संध्याकाळी पाचला परत बोटीवर हजर. म्हणजे पाचशे वर्षांचा इतिहास रिक्षातून!

फोर्ट कोचीत चिनी जाळी बघत अर्धा तास तिथेच उभे. दोरांना ओळीने मोठाले धोंडे बांधलेले, त्यांच्या वजनावर ते अवाढव्य जाळं वर येतं. चार-पाच जण घाम गाळत ओढतात आणि हाती लागते ओंजळभर मासळी. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे, पण रिकामी. १५२४ मध्ये पुरलं, १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले.

१५६८ चं 'परदेशी सिनेगॉग', म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मात्र बंद. आज शनिवार, त्यांचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ! हे आधी बघायला नको? (नियोजन माझंच होतं, गप्प बसलो.)

त्याची भरपाई झाली कोचीतल्याच चेरलाई भागात. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यातून निघालेली सारस्वत घरं इथे अजून कोकणी बोलतात. पापड घेताना आई मालवणीत, दुकानातल्या काकू कोकणीत. वीस मिनिटं! मी घड्याळ दाखवतोय, ऐकतंय कोण. शेवटी काकूंनी दोन पापड जास्तीचे घातले.