आमच्या शाळेचं गॅदरिंग आणि माझा पडदा

जानेवारी लागला की मला अजून हाताला सुंभाचा वास येतो. कारण सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चार वर्षं होतो, त्यातली तीन वर्षं गॅदरिंगला मी पडदा ओढला. नाचलो फक्त पहिलीत, 1996 च्या जानेवारीत, कोळीगीतात मागच्या रांगेत उभा होतो, समोर अख्खं गाव बसलेलं बघितलं आणि वल्हं तिथंच टाकून रडत आईकडे पळालो. दुसऱ्या वर्षी गुरुजी म्हणाले, तुला एक जबाबदारीचं काम देतो. आठ वर्षांच्या पोराला जबाबदारीचं काम म्हटल्यावर काय, मी त्या दिवसापासून घरात पण जरा वेगळाच चालायला लागलो.

शाळा कोकणातल्या संगमेश्वर तालुक्यातली, चिऱ्याची, कौलारू, दोन खोल्या आणि पुढे पडवी. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. पट अठ्ठावन्न. बाई तालुक्यातल्याच होत्या पण गुरुजी घाटावरचे, कोल्हापूरकडचे, आमच्याकडे तेव्हा निम्मे मास्तर घाटावरूनच आलेले असायचे. त्यांना मासे साफ करता यायचे नाहीत आणि आम्हाला त्यांची भाषा कळायची नाही, पण वर्षभरात दोन्ही जमून गेलं. आम्ही "वड", "हितं", "तितं" बोलायला लागलो आणि ते उकडा तांदूळ खायला लागले.

तर गॅदरिंग 26 जानेवारीला. सकाळी प्रभातफेरी, झेंडावंदन, गोळ्यावाटप, आणि रात्री कार्यक्रम. दिवसा ठेवून उपयोग नव्हता कारण दिवसा माणसं रानात, लाकूडफाटा नाहीतर कवळं (शेतात भाजायच्या डहाळ्या) तोडायला गेलेली असायची.

तयारी मात्र दिवाळीची सुट्टी संपली की सुरू. दुपारच्या सुट्टीनंतर अभ्यास बंद, बाई पडवीत नाच बसवणार आणि गुरुजी वर्गात नाटुकलं. गंमत अशी की नाच बसवायची खरी गरजच नसायची, आमच्याकडची पोरं जाखडी नाच बघत मोठी झालेली, घुंगरू बांधले की पाय आपोआप पडायचे. बाईंनी कॅसेट लावून शेतकरी नृत्य बसवायला घ्यावं आणि चार दिवसांनी बघावं तर पोरांनी त्याची जाखडीच करून टाकलेली असायची, मधोमध ढोलकीवाला बसवून गोल फिरत! शेवटी बाईंनी नाद सोडला.

स्टेज गावच बांधायचं. प्रत्येक वाडीवर काम वाटून दिलेलं. एका वाडीने चिरे आणायचे, दुसरीने फळ्या, तिसरीने मांडवाला बांबू आणि आंब्याचे टहाळे. अंगण शाळेच्या पोरींनी आणि त्यांच्या आयांनी मिळून सारवायचं. लाईट होती पण तिच्या भरवशावर कोण राहणार, म्हणून देवळातली गॅसबत्ती आणून ठेवलेली असायची आणि ती पेटवणारा गावात एकच माणूस. तो त्या दिवशी सकाळपासून कुणाशी नीट बोलायचा नाही, इतका भाव खायचा. (मी पण पडद्यामुळे थोडा तसाच झालो होतो, नाही म्हणत नाही.)

आणि पडदा. पडदा म्हणजे सहा साड्या. बाई आदल्या आठवड्यात सांगायच्या, ज्यांच्या घरात एकरंगी साडी आहे त्यांनी आणा. एकरंगी कुणाच्याच घरी नसायची. मग हिरवी, फुलाफुलांची, एक नऊवारी लुगडं, अशा सगळ्या एकमेकीला टाचून तारेवर चढवायच्या. कड्या नसायच्या, बांगड्या वापरायचो, जुन्या प्लास्टिकच्या. त्याला सुंभ बांधलेलं आणि त्या सुंभाचं टोक माझ्या हातात. कार्यक्रम बघायला आलेल्या बायका पडदा उघडायच्या आधी पडदाच बघत बसायच्या, "अगो ती माझी", "ती बघ लग्नातली", आणि कुणाची साडी मधोमध लागली आणि कुणाची कडेला ढकलली यावरून पुढे आठ दिवस विहिरीवर बोलणं व्हायचं.

पडदा ओढणाऱ्याला स्टेज पुढून कधीच दिसत नाही, कडेने दिसतं. त्यामुळे माझ्या आठवणीतलं गॅदरिंग तेवढंच. कोळशाच्या मिशा काढलेले मावळे विंगेत उभ्याने बोरं खातायत, गवळणीतली राधा हुंदके देतेय कारण तिचा भाऊ समोर बसून तिला वेडावतोय, बाई एका हाताने लाली लावतायत आणि दुसऱ्या हाताने कुणाचं तरी धोतर धरलंय. संकासुर राक्षसाचं सोंग घ्यायचा चौथीतला एक उंच पोरगा, काळे कपडे, उंच टोपी, पांढरी दाढी. तो स्टेजवर गेला की पुढच्या सतरंजीवरची बारकी पोरं ओरडत मागे पळायची, पण विंगेत तो स्वतः अंधाराला घाबरायचा म्हणून माझ्या शेजारी चिकटून बसायचा.

खरी मजा बक्षिसांची. प्रत्येक गाणं अर्ध्यावर आलं की कुणीतरी उठून चिठ्ठी द्यायचं आणि गुरुजी माईकवर, "या गाण्यावर खुश होऊन वरच्या वाडीकडून अकरा रुपये, शाळा आभारी आहे." मग खालच्या वाडीला राहवायचं नाही, तिकडून पंधरा. मग वरच्या वाडीचे एकवीस. नाच राहिला बाजूला, लिलाव सुरू! पोरं एक पाय वर करून थांबलेली आणि मी सुंभ धरून, कारण नियम असा की चिठ्ठ्या संपल्याशिवाय पडदा ओढायचा नाही. सगळ्या पैशाचा हिशोब दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलेला असायचा, पै न पै. त्यातूनच पृथ्वीचा गोल आला, भिंतीवरचं घड्याळ आलं, आणि एका वर्षी नवीन घंटा.

1998 चं गॅदरिंग गावाला वेगळ्या कारणाने लक्षात आहे. त्याच 26 जानेवारीला कोकण रेल्वे थेट मंगळूरपर्यंत सुरू झाली. आमच्याकडे गाडी त्याच्या आधीच यायला लागली होती, पण त्या वर्षी पहिल्यांदा मुंबईकर गॅदरिंगला आले. एरवी चाकरमानी गणपती आणि शिमगा सोडून कशाला येतोय, रात्रभर परळहून एसटीत अंग आंबवून एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी कोण येणार. त्या वर्षी पंधरा-वीस जण आले, मंडळातर्फे सगळ्या पोरांना दोन-दोन वह्या आणल्या, आणि बक्षिसाचा आकडा एकदम एक्कावन्नवर गेला. वरची वाडी आणि खालची वाडी दोघी गप्प. माझी आजी पुढे कितीतरी दिवस म्हणायची, रेल्वे आली आणि बक्षिसं महाग झाली.

पण माझं आवडतं गॅदरिंग त्याच्या पुढचं. मी चौथीत. चौथीच्या इतिहासाला महाराज असल्यामुळे चौथीचं नाटुकलं दरवर्षी ठरलेलं, अफजलखानाचा वध. खान झालेला पोरगा चांगला जाडजूड, पोटाला उशी बांधायची पण गरज नव्हती. वध झाला, खान "या अल्ला" करून पडला, टाळ्या. आता मी पडदा ओढायचा. तेवढ्यात समोरून चिठ्ठी आली, गुरुजींनी वाचली, "खानाच्या भूमिकेवर खुश होऊन खानाच्या मामांकडून एकवीस रुपये." आणि मेलेला खान उठला. पोटाची वाघनखं तशीच, त्याने मामाच्या दिशेला वाकून रीतसर नमस्कार केला, दाढी सावरली, आणि परत जाऊन त्याच जागेवर आडवा झाला. महाराज पण हसायला लागले. गुरुजी विंगेतून ओरडतायत, "वड की लेका! वड पडदा!" आणि मला हसून हसून सुंभच सापडेना. सापडलं तेव्हा इतक्या जोरात ओढलं की बांगड्या तुटल्या आणि सहाच्या सहा साड्या खान, महाराज आणि दोन मावळ्यांच्या अंगावर. गावाला वाटलं नाटकातलंच आहे. त्यालाही पाच रुपये बक्षीस आलं, कुणी दिलं ते अजून माहीत नाही.

कार्यक्रम संपला की जेवण. घरटी शेरभर तांदूळ आणि नारळ आधीच गोळा केलेले, भात, काळ्या वाटाण्याची उसळ, केळीच्या पानावर, रात्रीच्या एक दीडला, थंडीत. तेव्हा शाळेत शिजवलेली खिचडी नव्हती, हजेरी बरी असेल तर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचे. त्यामुळे शाळेत सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं हे वर्षातून त्या रात्रीच, आणि पंगतीत मास्तर वाढायचे. गुरुजी वाढायला आले की लाज वाटायची, पोट भरलं तरी नको म्हणता यायचं नाही.

दसऱ्याचं पाटीपूजन, शिक्षकदिनाला चौथीच्या पोरींनी साड्या नेसून आम्हाला छड्या मारणं, वनभोजन, हे पण सगळं होतं, पण त्यावर लिहायला बसलो तर हे संपायचं नाही. शिष्यवृत्तीची परीक्षा तेव्हा चौथीला असायची (मधे काही वर्षं ती पाचवीला गेली होती), तिच्या जादा तासांबद्दल तर मला बोलायचंच नाहीये.

परवाच्या 26 जानेवारीला गावी होतो. पट सात. सात म्हणजे सातच, पहिलीत तर कुणीच नाही. वाड्यांत कुलपं जास्त, जी घरं उघडी त्यांतली निम्मी पोरं बसने इंग्लिश मिडीयमला. तरी गॅदरिंग झालं. स्टेज भाड्याचं, स्पीकर माणसाएवढे, रंगीत लाईट, पडदा नव्हताच. आता लाईट बंद केली की झालं. मला उगीच वाटलं निदान दोरी तरी असेल कुठेतरी, म्हणून कडेला जाऊन बघितलं तर तिथे लॅपटॉपसमोर तिसरीतला एक पोरगा, मावळ्याच्या ड्रेसमध्ये, मिशी पेनाने काढलेली. गाणं लावायचा आणि धावत जाऊन स्टेजवर उभा राहायचा, कारण सातातला एक कमी झाला तर रांगच राहत नाही. गाणं संपलं की परत धावत खाली. दोन गाण्यांत दमला बिचारा.

मी म्हटलं, अरे, मी दाबतो की, तू जा.

त्याने मला खालून वर बघितलं. "काका, चार नंबर. मी हात वर केला की दाबायचं. आधी नाय."

मी बोट ठेवून उभा राहिलो. त्याने हात वर केला. आणि मी दाबलं पाच नंबर.