चंद्र आला का बघ

आकाश कुठून शिकायला सुरुवात करावी असं कुणी विचारलं, तर मी स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवीन. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, इस्त्रीवाल्याचा हिशेब ज्या चौकटींत आपण कोंबतो, त्याच चौकटींत बारीक अक्षरांत तिथी असते, नक्षत्र असतं, आणि महिन्यातून एकदा गणपतीच्या चित्राशेजारी संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. तास-मिनिटांसकट. रेल्वे एवढं नेमकं सांगते आणि पाळत नाही. चंद्र पाळतो.

आमच्या घरी त्या वेळेला फार मान आहे, कारण सासूबाईंची संकष्टी असते. दुपारी शाबूची खिचडी, चार वाजता चहा, आणि मग थेट रात्री चंद्राला नैवेद्य दाखवून वरण-भात आणि मोदक. साडेआठनंतर त्या कुणाशी फारसं बोलत नाहीत. पाचवीतल्या नातवाला मात्र दर पाच मिनिटांनी हुकूम सुटतो, "वर जाऊन बघ की रे, आला का."

"आला न्हाई आज्जी."

"नीट बघ. त्या टाकीच्या मागं असंल."

टाकीच्या मागं असंल, हे त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं. छापलेली वेळ सपाट, मोकळ्या क्षितिजासाठी असते. त्यांच्या लहानपणी पेठेतल्या घराला माळवद होतं, आजूबाजूला त्याहून उंच काही नव्हतं, त्यामुळे कॅलेंडरवाला म्हणेल तेव्हा चंद्र हजर. आता पूर्वेला चार मजले आणि त्यावर काळ्या टाक्या. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणजे समोरच्या इमारतीने चार अंश आकाश झाकलं असेल तर चंद्र टाकीवर डोकावायला पाऊण नाही, पण पाव तास जास्त लागतो. हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. आमच्या मुलाने मुठीने इमारत मोजली, अर्ध्या मुठीला थोडी कमी निघाली. तेव्हापासून तो छापील वेळेनंतर पंधरा मिनिटांनीच वर जातो आणि तोवर मोबाइल बघतो. शिक्षणाचे असेही उपयोग असतात.

पुण्या-मुंबईच्या नातलगांचे आम्हाला सोलापूरला फोन येतात, "आमच्याकडे अजून नाही दिसला, तुमच्याकडे?" दिसतो, आणि आधी दिसतो. सोलापूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे तीन रेखांश आहे. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणून दहा-बारा मिनिटं आम्ही आधी जेवतो. उन्हाच्या बाबतीत सोलापूर पुढे असल्याचं सगळ्यांना ठाऊक असतं, चंद्राच्या बाबतीतही आहे हे कुणी सांगत नाही. सूर्याचंही तसंच. घड्याळाची भारतीय वेळ ८२.५ रेखांशाची, आम्ही ७५.९ वर, त्यामुळे आमचा खरा मध्यान्ह बाराला होतच नाही, वीस-पंचवीस मिनिटं उलटून जातात. मे महिन्यात १० तारखेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच गडप होते. त्या वेळी रस्त्यावर ती बघायला कुणी थांबत नाही, हे समजण्यासारखं आहे.

चंद्र दर वेळी एकाच जागी उगवत नाही, हे मात्र मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. पाठ्यपुस्तकात 'पूर्वेला उगवतो' एवढ्यावर भागवलेलं असतं. गच्चीवर वर्षभर उभं राहिलं की कळतं, पूर्व बरीच ऐसपैस आहे. कार्तिकातल्या संकष्टीचा चंद्र आमच्याकडून नळदुर्गच्या, म्हणजे ईशान्येच्या अंगाला वर येतो, वैशाखातला पार अक्कलकोटच्या, म्हणजे आग्नेयेच्या बाजूला सरकलेला असतो. कारण सोपं आहे. पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला, तर हा उत्तरेला. उन्हाळ्यात उलट. आणि दक्षिणेकडून येणाऱ्याला आपल्या क्षितिजावर चढायला वेळ लागतो. त्यात उन्हाळ्यात सूर्यच उशिरा मावळतो. म्हणून कार्तिकात साडेआठ-नऊला सुटणारा उपवास वैशाखात दहापर्यंत ताणला जातो. सासूबाईंना हे सगळं अनुभवाने माहीत आहे. "उन्हाळ्याची संकष्टी जड जाती," असं त्या म्हणतात तेव्हा मी इतकी वर्षं उकाड्याला दोष देत होते.

खरी गंमत तिथीची. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते. अशा तीस तिथी झाल्या की वर्तुळ पुरं होऊन पुन्हा अमावास्या. हिशेब चोख, पण चंद्र एका चालीने चालत नाही. त्याची कक्षा लंबवर्तुळ आहे, कधी तो ३,५६,००० किलोमीटरपर्यंत जवळ येतो, कधी ४,०६,००० किलोमीटर लांब जातो. जवळ असला की झपाझप, लांब गेला की रेंगाळत. म्हणून एखादी तिथी २० तासांत आटपते आणि एखादी २६ तास चालते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. लहान तिथी दोन सूर्योदयांच्या मधल्या मधे संपली की तिच्या नावाचा दिवसच उरत नाही, कॅलेंडरात 'क्षय' येतं. लांबली तर दोन दिवस तीच. संकष्टीचा नियम त्यातही निराळा, चंद्रोदयाला चतुर्थी हवी. म्हणून चौकटीत सकाळी तृतीया लिहिलेली असते आणि उपवास त्याच दिवशी असतो. दर दोन-चार महिन्यांनी आमच्या गल्लीत यावरून वाद होतो की संकष्टी आज की उद्या, आणि दोन्ही बाजूंना या लंबवर्तुळाचे नियम मांडणाऱ्या केप्लरचं नावही घ्यायची गरज पडत नाही.

नक्षत्रं सत्तावीस का, हेही चंद्रानेच ठरवलंय. एखाद्या ताऱ्यापाशी निघालेला चंद्र २७.३ दिवसांत फिरून त्याच ताऱ्यापाशी येतो. रोज एका नक्षत्राचा मुक्काम. मग पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस कसे, असं आमच्या विद्यार्थ्याने विचारलं. भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्याच्यासमोर ठेवलं. बाराला दोन्ही काटे एकावर एक. तासाभराने मोठा काटा बारावर परत आला, पण तोवर लहान काटा एकवर सरकलेला. गाठायला मोठ्याला आणखी पाच मिनिटं चालावं लागतं. चंद्र फेरी मारून येतो तोवर सूर्य ताऱ्यांमधून पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला दोन दिवस जादा. मुलगा हो म्हणाला. गच्चीवर जाऊन बघ म्हटलं, कार्तिकी पौर्णिमेला चंद्राजवळ कृत्तिका नक्षत्राचा पुंजका असतो की नाही. तो गेला, पाहून आला, आणि पूर्ण चंद्राच्या उजेडात पुंजका जेमतेम दिसतो अशी तक्रार घेऊन आला. तक्रार रास्त आहे.

आता चंद्राच्या कलांबद्दल. हा धडा दर वर्षी शिकवतात आणि तरीही दहा मुलांना विचारलं तर बरीचशी म्हणतात, पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कापला जातो. मोठी माणसंही हेच म्हणतात, फक्त जरा हळू आवाजात. ७ सप्टेंबर २०२५ ला, भाद्रपद पौर्णिमेच्या रात्री, खग्रास चंद्रग्रहण झालं. ती खरी सावली. ती पौर्णिमेलाच पडू शकते, कारण पृथ्वीची सावली सूर्याच्या नेमकी उलट बाजूला असते आणि चंद्र तिथे पौर्णिमेलाच पोचतो. इतर दिवशी त्याचा आणि सावलीचा संबंध नाही.

हे पटवायला तक्ता उपयोगी पडला नाही, लिंबू पडलं. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शाळेला निघताना चंद्र अजून पश्चिमेला असतो, फिकट, एका कडेने थोडा झिजलेला. पूर्वेला ऊन आलेलं. मुलाच्या हातात एक पिवळंधमक लिंबू दिलं आणि सांगितलं, सूर्याकडे पाठ कर, हात लांब करून हे चंद्राच्या शेजारी धर, तुझी सावली त्यावर पडू देऊ नकोस. लिंबाचा बराचसा भाग उजळलेला आणि कडेची एक फाक अंधारी. शेजारी चंद्र, त्याचीही तीच कड अंधारी. दोघांवर एकच ऊन पडलेलं. सूर्य वर आलाय म्हणजे पृथ्वीची सावली पश्चिमेच्या क्षितिजाखाली गेली, आणि चंद्र तर डोळ्यांसमोर क्षितिजाच्या वर आहे, मग सावली त्याच्यावर येईल कुठून? तो काही बोलला नाही. रिक्षावाले काका हॉर्न वाजवत होते. पण अष्टमीला तो आपणहून लिंबू घेऊन अंगणात गेला. त्या सकाळी चंद्र जवळजवळ डोक्यावर होता आणि लिंबू बरोबर अर्धं. पुढे दोन दिवस ढग होते आणि लिंबू आमटीत गेलं.

दिवसा चंद्र दिसतो, हेच मुळात पुष्कळ मुलांना नवीन असतं. चित्रांत सूर्य दिवसाला आणि चंद्र रात्रीला वाटून दिलेला असतो. तशीच दुसरी भानगड कोरीची. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यांत कोर उभी असते. आपल्या आकाशात द्वितीयेची कोर बघा, माघ-फाल्गुनात ती चक्क आडवी निजलेली असते, दोन्ही टोकं वर. आपण विषुववृत्तापासून अठरा अंशही लांब नाही, त्यामुळे या दिवसांत सूर्य मावळतो तो जवळजवळ सरळ खाली, आणि चंद्र त्याच्या नेमका वर राहतो. उजेड खालून, म्हणून कोर खाली. भाद्रपद-आश्विनात तीच कोर एका अंगावर कलते. दूर उत्तरेकडच्या देशांत ती कललेली, उभी दिसते. आपल्याकडे बायका कपाळावर चंद्रकोर आडवी रेखतात, महादेवाच्या जटेतही ती आडवीच, आणि सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी फाल्गुनातल्या संध्याकाळी उभं राहिलं तर आकाशातली कोरही तशीच दिसते. टिकलीवाल्यांचं निरीक्षण तक्तेवाल्यांपेक्षा चांगलं आहे, असं माझं मत झालंय.

ग्रहांच्या बाबतीत आमच्या घरात दोन पक्ष आहेत. सासूबाईंचे नऊ, शाळेचे आठ. शाळेचेही २००६ पर्यंत नऊ होते, मग प्लूटोला काढलं, तेव्हा "काढलं म्हंजे? कुणी?" असा प्रश्न आला होता. पण गुरू-शनी दोन्ही पक्षांत आहेत आणि दोघांची चाल दोन्हीकडे सारखीच आहे. गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळपास १२ वर्षं, म्हणजे एका राशीत वर्षभर, म्हणून तो सिंहेत आला की नाशिकला सिंहस्थ, बारा वर्षांनी. शनीला साडेएकोणतीस वर्षं, म्हणजे एका राशीला अडीच. आपली रास, एक अलीकडची, एक पलीकडची, तीन गुणिले अडीच. मुलाने वहीत गुणाकार केला आणि ओरडला, "आज्जी, साडेसातीच आली की!" साडेसाती मानायची की नाही हा वेगळा विषय, त्यात मी पडत नाही. पण दुर्बिणीवाचून कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या त्या मंद ठिपक्यावर नजर ठेवून हे गणित काढलं होतं, हे मला फार आवडतं.

मधे एकदा संकष्टीलाच चांद्रयानाचा विषय निघाला. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम लँडर उतरला, तेव्हा सोलापुरात दिवस होता आणि सप्तमीचा चंद्र दक्षिणेच्या आकाशात होता. उतरण्याच्या जागी नुकतंच उजाडलं होतं. मुद्दामच तशी वेळ साधलेली, कारण तिथला दिवस आपल्या चौदा दिवसांचा आणि यानाला ऊन हवं. मग तितकीच लांब रात्र. ती झाल्यावर विक्रम पुन्हा जागा झाला नाही.

मुलाने हे सगळं ऐकून घेतलं आणि चंद्रोदयाची वाट बघत असलेल्या आजीला विचारलं, "आज्जी, तू चंद्रावर संकष्टी केलीस तर उपवास कधी सोडायचीस? तिथनं पृथ्वी उगवतच न्हाई. एकाच जागी थांबती. सरांनी सांगितलं."

सरांनी बरोबर सांगितलं होतं. चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असते, त्यामुळे तिथून पृथ्वी आकाशात जवळपास खिळल्यासारखी राहते, फक्त तिच्या कला बदलतात.

सासूबाईंनी जरा विचार केला. "चंद्रावरच बसल्यावर चतुर्थी कशाची मोजायची रे? चंद्र हितनं दिसतोय म्हणून तिथी हाय. जा, वर बघून ये आधी. भात गार व्हायलाय."