सवाना मॉनिटर, खान्देशी उन्हाळा आणि अडीच टन माती

नव्या पिंजऱ्याने मार्च ते ऑगस्ट काढले, त्याच्या या नोंदी. जनावर सवाना मॉनिटर, म्हणजे घोरपडीचा आफ्रिकेतला भाऊबंद, पूर्ण वाढलेला, शेपटीसकट साधारण १०० सेंमी. ठिकाण जळगाव जिल्हा, धाब्याच्या घरातली तळमजल्याची खोली.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. बांधावर दिसणारी आपली घोरपड पाळता येत नाही. भारतातल्या चारही जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. पिल्लू सापडलं, जखमी होतं, ही सबब चालत नाही, वनखात्याला कळवायचं. सवाना आफ्रिकेतला, साइटीसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मधला. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. विकणारा ‘कागद नंतर देतो’ म्हणाला, तर व्यवहार तिथेच सोडा.

आता माती. पिंजऱ्याचं माप २४० × १२० सेंमी, मातीची खोली ६० सेंमी. म्हणजे पावणेदोन घनमीटरला थोडी कमी माती, ओली धरून वजन अडीच टनांच्या वर. घराच्या स्लॅबवर साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर एवढाच वापराचा भार धरलेला असतो आणि ही माती ९०० च्या घरात जाते. वरच्या मजल्याचा विचारही करू नका. खालचा भाग विटांचा बांधून आतून गिलावा केला, कारण मातीला टेकलेल्या प्लायला वाळवी लागते आणि वाळवीचं औषध इथे मारता येत नाही. तळाला शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद, त्यावर शहाबादी फरशी. फरशी नसेल तर नखांनी कागद फाटतो आणि पाणी घराच्या पायात उतरतं.

नुसती काळी माती घातली की काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको: वाळली की हातभर भेगा, ओली झाली की पायाला, पोटाला चिकटलेले गोळे. त्यात खोदलेलं बीळ मे महिन्यात ढासळतं. नुसत्या वाळूत तर बीळ उभंच राहत नाही. जमलेलं प्रमाण: काळी १ घमेलं, पोयटा २, वाळू २. मूठभर घेऊन दाबायची; गोळा व्हायला हवा, अंगठ्याने टोचल्यावर दोन-तीन तुकडे व्हायला हवेत. बोटांना चिखल लागला तर वाळू वाढवा, गोळा झालाच नाही तर पोयटा. माती फवारणीच्या शेतातली नको, कपाशीच्या तर नकोच.

पाणी वरून शिंपडलं की वरचा थर ओला आणि खाली धूळ, म्हणजे हवं त्याच्या नेमकं उलट. म्हणून चारही कोपऱ्यांत दोन इंची पीव्हीसी पाइप उभे पुरलेत. खालच्या निम्म्या भागाला भोकं, त्यावर नायलॉनची जाळी. पाणी पाइपातून तळाशी जातं. मेमध्ये दिवसाआड ८ ते १० लिटर लागलं, जुलैत आठवड्याला ४ लिटरवर आणलं. पावसाळ्यात हात आखडला नाही तर मातीला कुबट वास येतो आणि बुरशी धरते.

हा सगळा खटाटोप कशासाठी? मेमध्ये दुपारी बाहेरच्या हवेत आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते. बिळात ती ८० च्या वर टिकली, ४५ सेंमी खोलीवर तापमान २९-३०. जनावर दुपारचं तिथेच असतं. पिंजऱ्याचं छत जाळीचं असतं तर एवढी माती असूनही ओल टिकली नसती; छत बंद, वारा खेळायला फक्त दोन बाजूंना हातभर फटी.

उजेड आणि ऊन: ५० वॅटचे तीन हॅलोजन फ्लड एका ओळीत. १५० वॅटचा एकच दिवा लावला की पाठीचा तळहाताएवढा भाग भाजतो आणि उरलेलं अंग थंड राहतं. दिव्यांखालच्या फरशीचा पृष्ठभाग ५५ अंश, इन्फ्रारेड गनने मोजलेला. यूव्हीबी (अतिनील किरणांची) टी-५ नळी, १२ टक्क्यांची, पाठीपासून ४५ सेंमीवर, मध्ये काच किंवा ॲक्रिलिक नाही. नळी वर्षाने बदलायची, उजेड दिसत असला तरी.

पुस्तकी सल्ला इथे उताणा पडतो. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) दिव्याखाली लावा म्हणतात. खान्देशात दुसरा प्रोब थंड टोकाला हवा, आणि तिथे ३३ झाले की दिवे बंद. मेमध्ये दिवे सकाळी ६ ते १० एवढेच चालले. कूलर खोलीत ठेवायचा, पिंजऱ्याकडे तोंड करून नाही. दुपारी लाइट गेली तर फटींवर ओलं गोणपाट टाकायचं. अंगावर गार पाणी ओतायचं नाही. थंडीत उलट पंचाईत: रात्री पारा १० च्या खाली उतरला तर १०० वॅटचा सिरॅमिक हीटर, २२ अंशांवर.

खाणं. रानात हे जनावर मुख्यतः किडे, पैसे (मिलिपीड), गोगलगायी, विंचू यांवर जगतं आणि कोरड्या हंगामात फारसं खात नाही. घरात बारा महिने उंदीर मिळाले की यकृतात चरबी साठते. सध्या आठवड्यातून तीनदा डुबिया झुरळं आणि घरी वाढवलेले रातकिडे, कॅल्शियम पावडर लावून. उंदीर पंधरा दिवसांतून एक. शेतातले नाकतोडे कितीही आयते दिसले तरी फवारणीमुळे बाद. नुसतं बोनलेस चिकन देणाऱ्यांची जनावरं कॅल्शियमअभावी वाकड्या हाडांची होतात.

रोज बघायची गोष्ट म्हणजे विष्ठेतला पांढरा भाग. मऊ, ओलसर, दाबला की पसरणारा असेल तर ठीक. खडूसारखा कडक, वाळूसारखा रवाळ किंवा पिवळट झाला की पाणी कमी पडतंय. असंच चाललं तर युरिक अॅसिड सांध्यांत साठतं, बोटं सुजतात, आणि तिथून मागे फिरणं अवघड. अशा वेळी आधी पाइपात पाणी, मग ३० अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा तास. सुधारणा नाही दिसली तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर हात बसलेला डॉक्टर गाठायचा. तो आधीच शोधून ठेवा, गुरांच्या दवाखान्यात हे काम सहसा होत नाही.

कात टाकताना बोटांच्या टोकांना आणि शेपटीच्या शेंड्याला जुन्या कातडीचं कडं राहतं. ते आवळलं की टोक काळं पडून गळतं. ओढायचं नाही, भिजवून कापसाने सरकवायचं. भिजवायची बादली वेगळी, मोरीतली नाही. साल्मोनेला जंतूंमुळे हात साबणाने धुवायचे.

ऑगस्टअखेर वजन स्थिर आहे, पोट जमिनीला घासत नाही, एक बीळ तळाच्या फरशीपर्यंत गेलंय. आता प्रश्न उरलाय कोपऱ्यातल्या पाइपांचा: दोन ठिकाणी जाळीत गाळ बसून पाणी उतरत नाही. दिवाळीनंतर ते उपटून जाळीभोवती बारीक खडीचा थर द्यायचा आहे.